आष्ट्याला उतरायचं न्हाई

माझ्यामुळं त्येला उपास घडला, असं त्यो म्हातारा मरंस्तवर सगळ्या गल्लीला सांगत हुता. तर आदी तेच सांगते, मग बाकीचं.

म्हातारा, माझा घरमालक, दिस मावळायच्या आत जेवायचा. जैनाचा हुता, सांगलीतल्या हळदीच्या व्यापाऱ्याचा ल्योक. कांदा, लसूण, बटाटा जल्मात तोंडाला लावला न्हाई, ते त्येचं त्येला, माझं काय म्हणणं न्हाई. पर त्यात त्येनं आपल्या मनाचा एक नेम घातलेला. ताटावर बसलं की बोलायचं न्हाई. आन् बोललाच, एक अक्षर जरी तोंडातनं निघालं, तर ताट हाय तसं ठेवून उठायचं, ते दुसऱ्या दिवशी दिस चांगला वर येस्तवर पाणी बी न्हाई. कुठल्या महाराजांनी दिला हुता ह्यो नेम, इचारलं तर म्हणायचा, "मीच मला दिला."

त्यो वर ऱ्हायचा, सयपाक मी करायची, खालच्या माझ्या खोलीत. ताट वाढायचं आन् त्यो जेवतोय तवर भाईर पायरीवर बसून गिटार वाजवायची, ह्यो बी त्येचाच नेम. त्या दिवशी दुध्याची भाजी, वरण आन् भाकरी हुती. मी भाईर वाजवत गाण्याच्या मधल्या भागात आले, तिथं सी सेव्हन नावाचा कॉर्ड पायजे हुता, मी नुसता सी वाजवला. एका बोटाचा फरक. आतनं गरजला, "चूक!"

पायरीवर खेळणारी चिमी, माझी पोरगी, तवा तीन वर्साची, ती दचकून रडायलाच लागली. मी गिटार टाकून आत पळाले, मला वाटलं म्हाताऱ्याला काय झालं. तर ह्यो हात धुतोय. ताटात भाकरी अर्धी, भाजी तशीच.

"आवं अण्णा, बसा की, कोण बगतंय!"

"मी बगतोय," म्हणला.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकी मला कट्ट्यावर गाठून म्हणत्यात, "अगं, उपाशी ठिवलंस व्हय म्हाताऱ्याला?" स्वतः वरडला, स्वतः उठला, आन् पाप माझ्या माथ्यावर. मला आजून त्येचा राग येतो.

मी शिकलेली नववीपतोर. पाटणच्या पलीकडं डोंगरात आमचं गाव, आन् सासर बी तिकडंच, चार मैलावर. चिमीचं पप्पा आर्केस्ट्रात गिटार वाजवायचं, लग्नाच्या वराती, गणपती, शाळंची गॅदरिंग, म्हणून आमी सांगलीला विश्रामबागात येऊन ऱ्हायलेलो, ह्या म्हाताऱ्याच्या खालच्या खोलीत. गिटार मला त्येंनीच शिकवली, गम्मत म्हणून, चार कॉर्ड, म्हंजे तीन-चार सूर एकदम छेडायचं. चार कॉर्डात त्येंची दोनशे गाणी हुयाची. मग एका पहाटं प्रोग्रामवरनं येताना कराडच्या अलीकडं ट्रकनं गाडी उडवली. त्येच्यावर मला जास्ती लिवायचं न्हाई.

सासऱ्यांनी तेराव्याला सगळ्यांच्या म्होरं सांगितलं, "सून कुठं ऱ्हायची तिथं ऱ्हाऊ द्या. पर पोरगी आमच्या पोराची हाय. येत्या उन्हाळ्यातल्या आखितीपतोर हिनं पोटापाण्याचं काय ते बगावं, न्हाईतर पोरगी आमच्याकडं." मी खाली बगून व्हय म्हणलं. मला त्येंची भ्या वाटायची.  खोलीत परत आले, चिमीला छातीशी धरून बसले, रोज एकच इचार, आखित, आखित, आखित.

तवा म्हातारा वरनं जिना उतरून आला. मला वाटलं खोली रिकामी कर म्हणायला आला. त्यो भितीकडं बगत हुता. मी गिटार खिळ्याला टांगलेली, वर हार घातलेला.

"हार काढ," म्हणला.

मी हार काढून हातात घेतला.

"खोली तुझीच हाय. माझा सयपाक कर, ऱ्हा. पर माझ्या घरात गिटार भितीला टांगायची न्हाई. वाजवायची."

मला त्या टायमाला त्येचे पाय धरावं वाटलं. बरं झालं न्हाई धरलं.

ह्यो म्हातारा म्हाबळेश्वरात एका मोठ्या हाटेलात तीस वर्सं गिटार वाजवायला हुता. बाप हळदीच्या दुकानात बसवत हुता, ह्यो पळाला. तिथं एका म्हाताऱ्या गोव्याच्या माणसानं त्येला जाझ शिकवलं. जाझ म्हंजे काय मला तवा ठावं नव्हतं, मला वाटलं कायतरी तबल्यातला परकार. आन् गम्मत अशी की सांजच्याला हाटेलात सगळी जेवायची तवा ह्येचं वाजवणं, आन् ह्यो आदीच जेवून बसलेला न्हाईतर उपाशी. "लोकांचं तोंड चालू, माझं बंद, तीस वर्सं," असं सांगायचा, जसं काय मोठं मैदान मारलं.

गणपतीत गल्लीच्या आरतीला त्यो हौसेनं यायचा, आन् सगळी जिथं टाळी वाजवत्यात त्येच्या मधल्या जागी ह्यो टाळी वाजवायचा. सगळ्यांची एक, मग ह्येची एक. दोन मिनिटात अर्धी गल्ली ह्येच्यासारखी, अर्धी आपल्यासारखी, आरतीचा नुसता चिवडा. पोरं हसायची, मोठी माणसं डोळं वटारायची. मंडळाच्या अध्यक्षांनी एकदा हात जोडलं, "अण्णा, तुमी नुसतं उभं ऱ्हावा हो." तर म्हणला, "तुमीच सगळी चुकताय, मी एकटा कसा थांबू?"

माझं शिकणं चालू झालं तवा त्येनं मला कॉर्ड वाजवूच दिला न्हाई. तीन म्हैने. एक जुनं विलायती गाणं, चार-चार मात्रांच्या बत्तीस पट्ट्या, त्येला बार म्हणत्यात, आन् त्या बत्तीस बारात प्रत्येक कॉर्डाचा नुसता खालचा मूळ सूर वाजवायचा. एका वेळंला एक सूर. टुंग. टुंग. चिमी झोपायची त्या आवाजानं. मी म्हणायची, "अण्णा, आखित म्होरं हाय, मला काम मिळवायचंय, ही अंगाई कशाला शिकवताय?" ह्यो डोळं मिटून बोटानं मात्रा मोजत बसायचा. बरं, स्वतः वाजवून दावावं, तर ते न्हाई. माझ्या म्होरं त्येनं गिटारीला कवा हात लावला न्हाई. बोटं सांध्यात वाकडी झाल्यात म्हणायचा, पर भाकरी मोडताना बरी सरळ हुयाची.

तीन म्हैन्यांनी म्हणला, "झालं पाठ? आता ते मूळ सूर वाजवायचं न्हाईत."

"म्हंजे?"

"वरचं दोन-तीन सूर वाजव. मूळ सोड. ते ऐकणाऱ्याच्या कानात आपसूक ऐकू येतं."

माझं डोकं फिरलं. "मग तीन म्हैने कशाला वाजवायला लावलं?"

"जे सोडायचंय ते आदी ठावं पायजे," म्हणला, आन् देवळात निघून गेला.

मी त्या दिवशी चिमीला घिऊन काकींच्या घरी गेले, बटाटं उकडलं आन् दोघींनी मीठ लावून तिथंच खाल्लं. त्येच्या घरात बटाटा आणायला बंदी हुती, पोरगी शेजारच्या पोरांच्या डब्यातली बटाट्याची भाजी बगून तोंडात बोट घालायची. राग आला की मी बटाटा खायची. त्या वर्सात मी लय बटाटा खाल्ला.

आता त्येनं मला कॉर्ड कसं समजावलं ते सांगते, कारण ते मातूर त्येला जमायचं, ते नाकारून चालणार न्हाई. मला म्हणला, गाण्याचं आदी घर बग. आपल्या गाण्याचं घर सी. समद्यात शेवटी तिथं यायचं. पर घरात कोण उडी मारून येत न्हाई, वाटंनं येतं. मग त्येनं इचारलं, "माहेरासनं येताना यष्टी कुठनं येती?"

"पाटण, कराड, पेठ नाका, आष्टा, सांगली."

"आष्ट्याला उतरतीस?"

"आष्ट्याला कशाला उतरू? तिथं कोण हाय माझं?"

"हां," म्हणला. "डी मायनर सेव्हन म्हंजे पेठ नाका. जी सेव्हन म्हंजे आष्टा. सी म्हंजे सांगली. गाण्यात ह्ये तीन आलं की गाडी घराकडं चाललीय. आष्ट्याला कान उभा ऱ्हातो, आता आलं, आता आलं, त्येला बसवत न्हाई. तिथं गाणं टाकायचं न्हाई. आष्ट्याला उतरायचं न्हाई."

विलायतेत ह्येला दोन, पाच, एक म्हणत्यात म्हणं, सुरांच्या नंबरावरनं. मला आकडं पाठ व्हईनात, थांबं पाठ झालं. आदी मला त्या गाण्यात बत्तीस बार दिसायचं, शंभर कॉर्ड दिसायचं, मला घाम फुटायचा. थांबं लावल्यावर बगितलं तर पेठ, आष्टा, सांगली, परत पेठ, आष्टा, सांगली, तीच गाडी. दोन येळा तसं. मग तिसरा भाग, मधला, तिथं येगळं. मग चौथा परत पैल्यासारखा.

त्यो मधला भाग माझ्या डोक्यात शिरंना. तिथं गाणं सी वर येतं, घरी आल्यासारखं, आन् मग त्या सी तलं एक बोट एक फ्रेट, गिटारीच्या दांड्यावरचा एक खण, मागं घ्यायचं. सी चा सी सेव्हन हुतो. एवढंच. पर तेवढ्यानं गाणं ढकलल्यासारखं म्होरं पळतं, एफ कडं.

"का पळतं?" मी इचारलं.

"कारण आता सांगली घर न्हाई. गाडी साताऱ्याची लागलीय. सांगलीला नुसती थांबली."

"असं कसं? आत्ता तर घर हुतं."

"एक बोट मागं सरलं की घराचा थांबा हुतो," म्हणला. मग माझ्याकडं बगितलं आन् खाली बगितलं. त्येला कळलं असंल काय बोलला ते. मी उठून चिमीची कापडं वाळत घालायला गेले. पाटणला जे घर आमचं घर हुतं, जिथं मी माप ओलांडून गेले, ते एका पहाटंत थांबा झालं हुतं, ह्येनं मला कशाला सांगावं, ते बी कॉर्ड शिकवताना.

म्हणून मी तिथं नुसता सी वाजवायची. बोट मागं सरायचंच न्हाई. आन् त्याच जागी त्यो ताटावरनं वरडला.

आणिक एक सवय. मी वाजवत असताना मधीच, कवा बी, त्यो इचारायचा, "कुठं हाईस?" वाजवणं थांबवायचं न्हाई आन् सांगायचं, पेठ, न्हाईतर आष्टा, न्हाईतर सांगली. मी भाजी चिरताना बी इचारायचा. "कुठं हाईस?" "दुध्यात हाय अण्णा!" चिमी बी शिकली. मोरीत आंघोळ घालताना मला इचारायची, "आई, कुठं हाईश?"

आखित पंधरा दिसांवर आली तवा म्हातारा आपणहून म्हणला, चल, म्हाबळेश्वरला जाऊ. त्येच्या जुन्या हाटेलात दुपारच्या जेवणाला आन् चहाच्या टायमाला गिटार वाजवणारं माणूस पायजे हुतं. मागं ऱ्हायला खोली, चिमीला संगं ठिवता येणार. मला रडूच आलं. मी त्येच्यासाठी भल्या सकाळी उठून डबा केला, दोन्ही टायमाचा. साताऱ्यात गाडी बदलून मेढ्याच्या घाटानं वर गेलो. चिमी त्येच्या मांडीवर झोपली, त्येनं पाय हालवला न्हाई, तेवढं खरं सांगते.

हाटेलचा मॅनेजर पोरसवदा, केसाला कायतरी चोपडलेलं. दुपारचं टुरिस्ट जेवत बसल्यालं. मला एका उंच खुर्चीवर बसवलं. माझं पाय जमिनीला पोचंनात. मी वाजवायला लागले, पैला भाग, दुसरा भाग, मधल्या भागात सी सेव्हन बरोबर लावला, गेली गाडी साताऱ्याला, परत फिरले. एका टेबलावरच्या बाईनं माझ्याकडं बगून मान हालवली. मॅनेजर म्हाताऱ्याला म्हणला, "मस्त हाय अण्णा, उद्यापास्नं बसवा. जेवताना ऐकतंय कोण एवढं बारीक."

आन् त्याच टायमाला, शेवटच्या भागात, म्हाताऱ्यानं तिथनंच इचारलं, मोठ्यानं, "कुठं हाईस?"

माझी बोटं चालू हुती. बोटं बरोबर हुती. पर मला सांगता आलं न्हाई. सगळी बगायला लागली, चमचं थांबलं. मला आखित दिसत हुती, सासरं दिसत हुतं, मी कुठं हाय ते मला ठावंच नव्हतं. मी थांबले.

"हिला आजून येत न्हाई," त्यो मॅनेजरला म्हणला. "नुसती बोटं पोचल्यात. म्होरल्या सीझनला आणतो."

"आवं अण्णा, मला चालतंय की!" मॅनेजर म्हणला.

"मला चालत न्हाई."

मी त्येच्या पाया पडले, त्या टुरिस्टांच्या म्होरं, गालिच्यावर. "अण्णा, पोरगी जाईल माझी." त्येनं चिमीचा हात धरला आन् भाईर चालाय लागला. मॅनेजरनं दार उघडून धरलं. त्या हाटेलात आजून ह्येच्या शब्दाला किंमत हुती, तीच माझ्या नरड्याला लागली.

घाट उतरताना मी त्येला बोलले न्हाई असं काय ऱ्हायलं न्हाई. म्हातारचळ लागलाय म्हणलं. तुला लेकरू असतं तर कळलं असतं म्हणलं, अरेतुरे केलं, बापाच्या वयाच्या माणसाला. कंडक्टर वळून बगत हुता. त्यो खिडकीतनं भाईर बगत ऱ्हायला. साताऱ्याच्या स्टँडवर दिस कलला तवा बाकड्यावर बसून डबा उघडला आन् जेवला. मी केलेला डबा. माझ्या म्होरं. एक शब्द न्हाई, ताटावर हुता ना.

आता शेवटचं.

आखित व्हायची बी वाट बगितली न्हाई सासरच्यांनी. चार दिस आदीच, सांजच्याला दिस आजून वर असताना गल्लीत जीप थांबली. मी पायरीवर वाजवत हुते, म्हातारा आत ताटावर. चौथा भाग आलेला, पेठ झालं, आष्ट्यावर हुते, जी सेव्हन, आन् जीपचं दार वाजलं. माझा हात तारंवर तसाच ऱ्हायला.

सासरं उतरलं, मागनं सासू, हातात पिशवी.

"पोरीची कापडं भर," सासरं म्हणलं. बस न्हाई, पाणी न्हाई. "म्हाबळेश्वरचं काम गेलं म्हणं. कळलं आमाला."

"मामंजी, आखितीला आजून चार दिस..."

"चार दिसात कलेक्टर हुणार हाईस व्हय? आन् ह्ये काय मांडीवर? ह्येच्यापायीच माझं पोरगं रस्त्यावर मेलं, आन् तू बी तेच धरून बसलीस? लाज न्हाई वाटत गं?"

गल्लीत दारं उघडली. काकी भाईर आल्या. चिमी माझ्या पाठीमागं, साडी धरून.  मी दारातनं आत बगितलं, म्हातारा समोर पाटावर बसलेला, मला सरळ दिसत हुता. त्येला सगळं ऐकू येत हुतं. नुसत्या सी साठी वरडला हुता ह्यो माणूस. एका बोटासाठी ताट सोडलं हुतं त्येनं. मी डोळ्यांनी म्हणलं, अण्णा, बोला.

त्येनं भाकरीचा तुकडा मोडला.

सासरं बी दारात गेलं. "आवं शेटजी, तुमी शाणं माणूस. तुमी तरी सांगा हिला. बिगर कामाधंद्याची बाई, पोर कशी वाढवणार?"

म्हाताऱ्यानं त्येंच्याकडं बगितलं. वरणात भाकरी बुडवली. तोंडात घातली. चावली.

"बगा!" सासरं माझ्याकडं वळलं. "तुझ्या घरमालकाला बी काय म्हणायचं न्हाई."

मला त्या क्षणाला सासऱ्यांपेक्षा त्येचा जास्ती राग आला. इतका की त्येंची भ्याच इसरले. ते ताट उचलून त्येच्या डोक्यात घालावं असं वाटलं. आन् त्याच रागात मी उभी ऱ्हायले, गिटार एका हातात, चिमी दुसऱ्या हाताला.

"मामंजी, चिमी जाणार न्हाई," मी म्हणलं.

"काय?"

"काम आज न्हाई, उद्या लागंल. न्हाईच लागलं तर चार घरची धुणी करीन. तुमी तिचं आजोबा हाईसा, सुट्टीत न्या, आणून सोडा, मी नको म्हणणार न्हाई. पर तिचं घर पाटणला न्हाई. तिचं घर मी हाय तिथं."

"कोर्टात खेचीन!"

"खेचा."

माझा आवाज फाटला हुता. मी बोलले आन् मला धाप लागली, आन् मी वाट बगत हुते कायतरी तुटायची. सासरं हात वर करून म्होरं आलं. तवा सासू, जी इतका येळ तोंडाला पदर लावून हुती, ती मधी आली. "चला वं," म्हणली. "पोरीला भ्या घालू नगा." तिनं पिशवी पायरीवर ठिवली, नाचणीचं लाडू हुतं, चिमीच्या डोक्यावरनं हात फिरवला आन् स्वतःच जाऊन जीपमधी बसली. सासरं गल्लीकडं बगत, शिव्या घालत गेलं. जीप वळली. काकींनी दार लावलं. मी पायरीवर बसून चिमीला एक लाडू दिला.

आतनं गुळणीचा आवाज आला. मग त्यो भाईर आला, धोतराच्या सोग्याला हात पुसत. पोट भरून जेवलेला. ताट लख्ख.

"आष्ट्याला टाकलंस," म्हणला. "गाणं."

माझा बांध फुटला. "ऱ्हावा तिथंच उभं!" मी वरडले. "नुसता सी चुकला तर सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं वरडलासा तुमी. ताट सोडलं. उपास काढला. आन् आज माझं लेकरू न्यायला आलं तर भाकरी चावत बसलासा! एक शब्द? एक शब्द निघाला न्हाई तुमच्या तोंडातनं?"

त्यो उभा ऱ्हायला. दिस बुडायला आला हुता. मग हळू इचारलं, "मी ताटावर कवा बोलतो?"

"बोलतच न्हाई तुमी!"

"बोललो की एकदा. कवा?"

 चिमी लाडू खात आमच्याकडं बगत हुती.

"चूक झाली तवा," मी म्हणलं.

"मग?" म्हणला, आन् जिना चढून वर गेला.

त्येला जाऊन आता दोन पावसाळं झालं. मी साताऱ्यात ऱ्हाते, एका क्लासात पोरांना गिटार शिकवते, आन् सीझनला वर त्याच हाटेलात वाजवते, म्होरल्या सीझनला आणतो म्हणला तसं खरंच घिऊन गेला हुता मला. "कुठं हाईस?" इचारलं, मी वाजवता वाजवता म्हणलं, "आष्टा, चार बार ऱ्हायल्यात." त्यो मला तिथंच ठिवून फक्त चपला घालून निघाला. चिमी पैलीत हाय. कोर्टबिर्ट काय झालं न्हाई, सासू लाडू पाठवती, सासरं बोलत न्हाईत.

पर भ्या गेली न्हाई माझी. गल्लीत जीप थांबली की आजून आदी चिमी कुठं हाय ते बगते. कुणाला न्हाई म्हणायची येळ आली, शाळंत, हाटेलात, घरमालकाला, की मी न्हाई म्हणते आन् मग क्षणभर थांबते, कान आत लावून, कुठनं तरी "चूक!" म्हणून वरडणं येतंय का. येत न्हाई. मग मला कळतं, बरोबर हाय.

आन् मग परत राग येतो. बरोबर हाय म्हणायला काय झालं हुतं म्हाताऱ्या, एक दिस उपाशी ऱ्हायला असतास.